छापण्यापूर्वीचा वाचक : अभिप्राय आणि अनुमती

काही दिवसांपूर्वी एक विद्यार्थी दोनशे पानी वही घेऊन माझ्या घरी आला. वहीत त्याचे आत्मकथन होते. वही हातात देताना तो म्हणाला, "सर, छापायच्या आधी ही कुणाला दाखवू? घरच्यांना दाखवली तर म्हणतील, आपली अब्रू वेशीवर टांगलीस. बाहेरच्यांना दाखवली तर म्हणतील, भाषा सुधार." प्रश्न साधा होता. पण मला त्याला चटकन उत्तर देता आले नाही.

प्रस्थापित साहित्यात हस्तलिखित दुसऱ्याच्या हाती देणे ही शिष्टाचाराची बाब असते. तिथे घरातच वाचणारे असतात, मित्रमंडळात समीक्षक असतात, प्रकाशकाच्या दिवाणखान्यात चहाबरोबर वाचन होते. ज्याच्या बापजाद्यांना अक्षराला हातच लावू दिला गेला नाही, त्याने लिहिलेले पान दुसऱ्याने तपासायचे म्हटले की जुन्या तपासणीची आठवण जागी होते. आपली सावली कुठे पडते, आपण कोणत्या रस्त्याने जातो, कोणते कपडे घालतो हे तपासणारे डोळे आपण विसरलेलो नाही. म्हणून आपल्या लेखकांत दोन टोके दिसतात. एक म्हणतो, माझे दुःख माझे आहे, त्यातला शब्दही कुणी हलवायचा नाही. दुसरा मान्यतेसाठी इतका आतुर असतो की कुणी म्हणेल तो शब्द काढून टाकतो. एकाला सूचना अपमान वाटते, दुसऱ्याला ती आज्ञा वाटते.

माझ्या मते ही दोन्ही टोके आपल्या परंपरेला सोडून आहेत. छापण्यापूर्वी वाचक गाठण्याची आणि त्याच्याशी कसे वागायचे हे ठरवण्याची एक परंपरा आपल्याकडे आहे. ती जोतीराव फुल्यांपासून बाबासाहेबांपर्यंत सलग दाखवता येते. तिचा विचार लेखनाच्या तंत्राचा भाग म्हणून होत नाही आणि चळवळीच्या इतिहासातही होत नाही. तो इथे करायचा आहे.

दक्षिणा कमिटीची बैठक

आपल्या हस्तलिखिताचा पहिला वाचक नकार देणारा होता. १८५५ साली जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यांचे वय तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. गरोदर कुणबी बाईला ग्रहदशेची भीती घालून जोशी तिला आणि तिच्या नवऱ्याला कसा लुबाडतो, आणि शेवटी ते जोडपे जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रशाळेची वाट कशी धरते, हा त्या नाटकाचा विषय. शिक्षण हा माणसाचा तिसरा डोळा आहे, हे त्याचे सांगणे.

हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या पैशातून इंग्रजी अमदानीत मराठी ग्रंथांना उत्तेजन दिले जाऊ लागले होते. पैसा रयतेचा होता. पण ग्रंथ योग्य की अयोग्य हे ठरवणारे बहुतेक कमिटीतले शास्त्रीपंडितच होते. नाटक नापसंत झाले. पुढे १८७३ सालच्या 'गुलामगिरी'त जोतीरावांनी याची हकीकत दिली आहे. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे ते सांगतात.

ज्याची लूट नाटकात दाखवली त्याच्याच जातभाईच्या हाती ते तपासायला गेले, तर निकाल दुसरा काय लागणार? त्या कमिटीने नाटकाला कला म्हणून नापसंत केले की विचार म्हणून, हा प्रश्नच गैरलागू आहे. नाटक पाहायला ज्यांनी यायचे होते ते कुणबी, माळी, महार, मांग त्या बैठकीत कुठेच नव्हते. जोतीरावांनी नाटक बाजूला ठेवले आणि काही वर्षांनी 'ब्राह्मणांचे कसब' हे पुस्तक १८६९ साली पदरच्या पैशाने छापले. 'तृतीय रत्न' छापून वाचकांपुढे यायला मात्र १९७९ साल उजाडावे लागले. एका बैठकीतल्या नकाराने एका नाटकाचे सव्वाशे वर्षांचे आयुष्य खाल्ले. मराठी नाट्यवाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या या नाटकाचा मजकूर न पाहताच होऊन गेल्या.

असुडाचे श्रोते

या अनुभवानंतर जोतीराव कोणाकडेही जाणार नाहीत असे कुणालाही वाटले असते. पण त्यांनी वाचक शोधणे सोडले नाही. त्यांनी वाचक बदलला. माझ्या मते आपल्या लेखनाच्या इतिहासातली ही फार मोठी घटना आहे.

१८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. पाच प्रकरणांचा हा ग्रंथ. शेतकऱ्याच्या दारिद्र्याला धर्माच्या नावाने भटशाही आणि सरकारच्या नावाने नोकरशाही कशी कारणीभूत आहे, याची त्यात मांडणी आहे. हा ग्रंथ छापखान्यात जाण्याआधी जोतीरावांनी तो लोकांना वाचून दाखवला. कुठे? मुंबई, पुणे, ठाणे ही शहरे त्यात आहेत. पण जुन्नर, ओतूर, हडपसर, वंगणी अशी गावेही आहेत. ऐकणारे कोण? शूद्र गृहस्थ, म्हणजे ज्यांच्या घरादाराची, शेतातल्या औतांची, कर्जाची आणि कोर्टकचेरीची हकीकत ग्रंथात होती तेच लोक. ग्रंथातला मजकूर खरा असल्याबद्दल या श्रोत्यांनी सहीनिशी लेखी पत्रे दिली आणि त्याची नोंद जोतीरावांनी आपल्या उपोद्घातात आवर्जून केली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी सवड काढून ग्रंथ ऐकला आणि द्रव्यसाहाय्य केले, हीही नोंद तिथेच आहे.

विद्वानाची प्रस्तावना घेऊन ग्रंथाला वजन आणण्याची रीत आपल्याला माहीत आहे. जोतीरावांनी ज्यांच्याविषयी लिहिले त्यांचीच साक्ष घेतली. त्यांनी श्रोत्यांना ग्रंथ सुंदर आहे की नाही असे विचारले नाही. तुमच्या जगण्याशी हा मजकूर जुळतो का, असे विचारले. लिहिता-वाचता न येणारा माणूसही हस्तलिखिताचा अधिकारी वाचक असू शकतो, हे त्यांनी व्यवहारात सिद्ध केले. तो कानांनी वाचतो. पुढे सत्यशोधकी जलशांनी आणि नंतर आंबेडकरी जलशांनी हीच रीत चालवली. जलशातले गाणे छापील कागदावर नंतर येते. आधी ते लोकांच्या पुढ्यात उभे राहते, आणि लोक कुठे गप्प झाले, कुठे हसले, कुठे उठून गेले यावरून शाहिराला आपले गाणे कळते.

पण असुडाची गोष्ट इथे संपत नाही. ग्रंथातली पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधू'त छापली गेली आणि पुढची छापणे थांबले. 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे. ते परके नव्हते. सत्यशोधक समाजाचे ते खंदे कार्यकर्ते होते आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना त्यांनी उभी केली. जोतीरावांनी आपल्यातल्या छापखानेवाल्यांना भेकड म्हटले. त्यांचा संताप रास्त होता. तरीही इतिहास पाहताना संपादकाची अडचणही नजरेआड करता येत नाही. आदल्याच वर्षी, १८८२ साली, कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले होते. त्यांच्यामागे शिकलेला वर्ग होता. कामगार-शेतकऱ्यांच्या वर्गणीवर चालणारे साप्ताहिक एका खटल्याने कायमचे बंद पडू शकले असते.

म्हणजे आपल्या हस्तलिखिताला विरोधी वाचक भेटतो तसा भ्यालेला मित्रवाचकही भेटतो. दुसऱ्याशी वागणे पहिल्याशी वागण्यापेक्षा अवघड असते. जोतीरावांनी लोखंड्यांवर टीका केली, ग्रंथ बदलला मात्र नाही. संपूर्ण असूड महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ साली काढलेल्या समग्र वाङ्मयातून आज आपल्याला वाचायला मिळतो. ज्या गावांनी तो आधी ऐकून खरा ठरवला, त्या गावांच्या नातवंडा-पतवंडांनी तो छापलेला पाहिला.

लंडनचे परीक्षक

बाबासाहेबांच्या आयुष्यात छापण्यापूर्वीचा वाचक तीन वेळा निर्णायक रूपात भेटतो. तिन्ही वेळा त्यांचे वागणे वेगळे आहे. वरवर पाहणाऱ्याला त्यात विसंगती दिसेल; मला त्यात एक सूत्र दिसते.

पहिला प्रसंग लंडनचा. 'रुपयाचा प्रश्न' हा आपला प्रबंध त्यांनी १९२२ साली लंडन विद्यापीठाला सादर केला. ब्रिटिशांच्या चलनविषयक धोरणावर त्यात कठोर टीका होती. चरित्रकार धनंजय कीर सांगतात की परीक्षकांना ती बोचली आणि निष्कर्ष न बदलता मांडणी पुन्हा करावी, अशी सूचना झाली. बाबासाहेबांचे पैसे संपत आले होते. ते मुंबईला परतले, इथे बसून प्रबंधाचे पुनर्लेखन केले आणि तो पुन्हा लंडनला पाठवला. १९२३ साली त्यांना डी. एस्सी. मिळाली आणि त्याच वर्षाअखेर ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या ग्रंथाची प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी लिहिली आहे. आपल्या विद्यार्थ्याची मते आपल्याला पटत नाहीत, हे ते प्रस्तावनेत उघड सांगतात, आणि तरीही त्याच्या विचारातल्या ताजेपणाची दाद देतात. बाबासाहेबांनी ती असहमती झाकली नाही. ग्रंथाच्या दारातच उभी केली. आपल्याकडे प्रस्तावना म्हणजे लग्नातला आहेर समजला जातो. न पटणाऱ्या जाणकाराकडून प्रस्तावना घेण्याचे धैर्य आपल्यातल्या किती लेखकांत आहे, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

लाहोरचे यजमान

दुसरा प्रसंग आपल्याला पाठ आहे, पण या बाजूने आपण तो पाहत नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६ सालच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद बाबासाहेबांना दिले. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी होऊन गेली होती. अध्यक्षीय भाषण आधी पाहायला मिळावे अशी मंडळाची इच्छा होती. भाषण लाहोरला छापावे, असाही आग्रह होता. बाबासाहेबांनी ते मुंबईत छापायला घातले. एप्रिलमध्ये मंडळाचे हरभगवान मुंबईला येऊन त्यांना भेटले. मग पत्रे सुरू झाली. वेदांवरचा आणि धर्मग्रंथांवरचा हल्ला अनावश्यक आहे, हिंदू म्हणून हे आपले अखेरचे भाषण असल्याचा उल्लेख गाळावा, शेवटचा भाग वगळावा, अशा मागण्या आल्या.

२७ एप्रिल १९३६ च्या पत्रात बाबासाहेबांनी उत्तर दिले. एक स्वल्पविरामही बदलणार नाही आणि आपल्या भाषणावर कोणाची देखरेख चालू देणार नाही, हे आपण हरभगवानांना मुंबईतच सांगितले होते, याची त्यांनी आठवण करून दिली. ते अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखाली झालेच नाही. १५ मे १९३६ ही तारीख असलेल्या निवेदनासह त्यांनी ते भाषण स्वतःच प्रसिद्ध केले. पंधराशे प्रतींची पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली. गुजराती आणि तमिळ भाषांतरे निघाली. मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही त्यांनी पुस्तकात छापला, आणि १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींनी 'हरिजन'मध्ये केलेली टीका व तिला दिलेले उत्तर जोडले.

आता प्रश्न असा की चौदा वर्षांपूर्वी ज्यांनी सबंध प्रबंध पुन्हा लिहिला, त्यांनी लाहोरला स्वल्पविराम का नाकारला? काही जण म्हणतील, तेव्हा ते विद्यार्थी होते, आता नेते झाले होते. हे उत्तर उथळ आहे. लंडनच्या परीक्षकांनी मांडणी बदलायला सांगितली; निष्कर्षाला हात लावला नाही. लाहोरच्या यजमानांना मांडणीशी देणेघेणे नव्हते. त्यांना निष्कर्षच नको होता. जातीचा पाया धर्मग्रंथांच्या प्रामाण्यात आहे, हा त्या भाषणाचा कणा होता. कणा काढून उरलेले शरीर सभेत मिरवावे, अशी मागणी होती. शिवाय लंडनला परीक्षेचा करार उघड होता. विद्यार्थ्याने परीक्षा मागितली होती. लाहोरला बाबासाहेब परीक्षेला बसले नव्हते. त्यांना बोलावले होते. बोलावलेल्या माणसाचे भाषण पाहण्याच्या नावाखाली परवानगीची पद्धत आणली जात होती.

अभिप्राय आणि अनुमती यांतला भेद इथे लख्ख दिसतो. अभिप्राय देणारा म्हणतो, मला असे वाटते, ठरव तू. अनुमती देणारा म्हणतो, मी ठरवतो, वाटणे तुझे. पहिला लेखकाला बळ देतो. दुसरा लेखकाला पुन्हा येसकर करतो.

आणखी एक गोष्ट. त्यांनी भाषण बदलायला नकार दिला, पण विरोधकांचे म्हणणे दडवले नाही. मंडळाची पत्रे आणि गांधीजींची टीका त्यांनी स्वतः वाचकांच्या हाती दिली. ज्याला आपल्या मजकुराची खात्री असते तो आक्षेप फाडून टाकत नाही, छापतो.

पन्नास प्रती

तिसरा प्रसंग सर्वांत हृद्य आहे. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य या विषयावर लेख लिहिला. बौद्ध वाङ्मय अफाट आहे. सामान्य माणसाला सहज हाती धरता येईल असा एक ग्रंथ हवा, असे त्यांनी त्यात प्रतिपादले. मग तो ग्रंथ लिहायला तेच बसले. १९५१ साली, ज्या वर्षी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला त्या वर्षी, या ग्रंथाच्या पहिल्या खर्ड्याच्या पन्नास प्रती छापून त्यांनी खाजगीरीत्या मोजक्या लोकांना वाचायला दिल्या. तेव्हा ग्रंथाचे नाव 'द बुद्ध अँड हिज गॉस्पेल' होते. विक्रीसाठी नव्हे, मतांसाठी त्या प्रती होत्या.

कोण हा माणूस? कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या असलेला, राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष. घटनेचा मसुदाही फेब्रुवारी १९४८ मध्ये लोकांपुढे ठेवला गेला होता, त्यावर सूचना आल्या होत्या, कलमागणिक चर्चा झाली होती. तीच शिस्त त्यांनी आपल्या धर्मग्रंथाला लावली. आपण लाखो लोकांना ज्या वाटेने नेणार आहोत त्या वाटेचा नकाशा आधी पन्नास जणांनी पाहावा, असे त्यांना वाटले. ज्या लेखणीने लाहोरला स्वल्पविराम नाकारला, तीच लेखणी इथे आपणहून वाचकापुढे खाली ठेवली गेली.

त्यानंतर पाच वर्षे ते ग्रंथावर काम करीत राहिले. मधुमेह, सांधेदुखी, अंधुक होत चाललेली दृष्टी. टंकलेखन नानकचंद रत्तू यांच्यासारखे सहकारी करीत. कच्च्या खर्ड्यावर पुन्हा दुरुस्त्या होत. नाव बदलले, ख्रिस्ती वळणाचा 'गॉस्पेल' जाऊन 'धम्म' आला. १९५६ च्या आरंभी ईश्वर नाही आणि आत्मा नाही या विषयांवरची नवी प्रकरणे जोडली गेली. छापून अभिप्रायाला पाठवलेला ग्रंथही त्यांना पुरा झालेला ग्रंथ वाटत नव्हता, हे यावरून दिसते.

ग्रंथाच्या प्रास्ताविकातही त्यांनी वाचकाला बाजूला बसवलेले नाही. सिद्धार्थाने गृहत्याग का केला, चार आर्यसत्ये मूळ शिकवणुकीचा भाग आहेत का, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे, भिक्षूचे प्रयोजन काय, असे चार प्रश्न त्यांनी उघडपणे मांडले आणि वाचकांनी पुढे येऊन त्यांच्या उत्तरात भर घालावी, अशी इच्छा व्यक्त केली. धर्मग्रंथाच्या पहिल्याच पानांवर वाचकाला शंका घ्यायला सांगणारा दुसरा धर्मग्रंथ मला माहीत नाही.

छपाईला पैसा नव्हता. १४ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. खर्च वीस हजारांच्या घरात जाणार आहे. बुद्धाच्या अडीच हजाराव्या जयंतीनिमित्त सरकारने ग्रंथालये आणि निमंत्रित विद्वान यांच्यासाठी पाचशे प्रती घ्याव्यात, अशी विनंती होती. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. प्रकाशनासाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, पत्र जयंती समितीचे अध्यक्ष राधाकृष्णन यांच्याकडे पाठवतो, असे त्यात होते. दक्षिणा कमिटी आणि ही समिती यांची बरोबरी मी करीत नाही. काळ वेगळा, माणसे वेगळी. पण १८५५ आणि १९५६ यांच्यामध्ये एकशे एक वर्षे गेली आणि आपल्या ग्रंथाला सरकारी तिजोरीपुढे पुन्हा ताटकळावे लागले, हे नोंदवलेच पाहिजे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा झाली. ५ डिसेंबरच्या रात्रीही या ग्रंथाच्या प्रास्ताविकाचे कागद त्यांच्याजवळ होते. ६ डिसेंबरला ते गेले. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी लिहिलेली प्रस्तावना त्या आवृत्तीत आली नाही. १९८० साली भगवान दास यांनी दुर्मिळ प्रस्तावनांच्या संग्रहात ती छापली, तेव्हा वाचकांना ती मिळाली. ग्रंथात मूळ पाली आधारांचे निर्देश नव्हते. हिंदी भाषांतर करताना भदंत आनंद कौसल्यायन यांनी ते शोधून काढले. महाबोधी सोसायटीच्या ज्या मासिकातून या ग्रंथाची कल्पना पुढे आली, त्याच मासिकात १९५९ साली त्यावर कठोर टीका झाली. पण तोवर तिला उत्तर देणारा लेखक राहिला नव्हता.

लेखकाचा शेवटचा हात न फिरलेल्या हस्तलिखिताची अवस्था कशी होते, हे १९८७ साली महाराष्ट्र शासनाने छापलेल्या 'हिंदू धर्मातील कोडी' या खंडाने दाखवून दिले. राम आणि कृष्ण यांच्यावरचे परिशिष्ट वगळावे म्हणून एका बाजूने ओरड झाली. ते ठेवावे म्हणून १९८८ च्या सुरुवातीला दलित जनता मुंबईच्या रस्त्यांवर उतरली. परिशिष्ट राहिले, शासन या मतांशी सहमत नाही, अशी टीप सोबत आली. लाहोरचे यजमान पन्नास वर्षांनीही जिवंत होते. या वेळी त्यांना उत्तर द्यायला बाबासाहेब नव्हते, त्यांचे वाचक होते. पुस्तकाच्या बाजूने वाचक रस्त्यावर उभा राहतो, याहून मोठा अभिप्राय कोणता?

कसोटी कोणती?

हा सगळा इतिहास आपल्या वहीला काय शिकवतो?

पहिली गोष्ट, ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना आधी ऐकवा. माझाच एक अनुभव सांगतो. फार पूर्वी येसकरपाळीवर मी एक लेख लिहिला आणि तो घेऊन गावी गेलो. संध्याकाळी समाजमंदिरापुढे चारदोन माणसे बसली होती, त्यांना वाचून दाखवला. 'माझा आजा दारोदार भाकरी मागत फिरे' असे एक वाक्य होते. कोपऱ्यात बसलेली माझी चुलत आजी मधेच म्हणाली, "लिवलंस ते ब्येस लिवलंस, पर भाकरी मागाया तुझा आजा कवा गेला रं? त्यो काठी घिऊन चावडीवर. टोपलं डोईवर घिऊन म्या जायची." मी शिकलेला, लेखात आकडे होते, कायदे होते, वतनाचा इतिहास होता. आणि ज्या बाईने टोपले वाहिले तीच लेखात नव्हती. हा दोष कोणत्याही प्राध्यापकाला दिसला नसता, कारण त्याला ते टोपले ठाऊक नाही. तोच लेख पुढे एका मासिकाकडे पाठवला, तेव्हा तिकडून आजीचे बोलणे प्रमाण भाषेत घालण्याची सूचना आली. आजीची सूचना मी मानली, मासिकाची मानली नाही. का मानली नाही हे तेव्हा मला नीट सांगता आले नसते. आज सांगता येते. आजीने लेख अधिक खरा केला. मासिकाला तो अधिक सभ्य करायचा होता.

दुसरी गोष्ट, न पटणाऱ्या जाणकाराला दाखवा. आपलेच मित्र वाचून "जबरदस्त" म्हणतात आणि वही परत देतात. त्याने लेखकाचे काहीच भले होत नाही. कॅननसारखा माणूस शोधावा. त्याने सनावळीतली चूक दाखवली, युक्तिवादातली फट दाखवली, तर ती निमूटपणे दुरुस्त करावी. विरोधकाला पुढे जी फट सापडायची ती आधीच बुजवून घेणे यात कमीपणा कसला?

तिसरी गोष्ट, सूचना कुठे बोट ठेवते ते पाहा. मांडणीवर ठेवते की निष्कर्षावर? तपशिलावर ठेवते की बाजूवर? मांडणी आणि तपशील यांबाबत लेखकाने मेणाहून मऊ असावे. निष्कर्ष पुराव्याने बदलायला सांगितला तर विचार करावा. कुणाच्या भावना दुखावतील म्हणून बदलायला सांगितला तर लाहोरचे पत्र आठवावे.

चौथी गोष्ट थोडी कडू आहे. घरच्यांचा "अब्रू गेली" हा आक्षेप. आत्मकथने येऊ लागली तेव्हा आपल्याच वस्त्यांतून ही कुरबुर झाली आणि आपण ती मागासलेपणाची म्हणून झटकून टाकली. हे बरोबर झाले असे मला वाटत नाही. लेखक शहरात असतो. त्याच्या बहिणीला त्याच गावात राहायचे असते. तिच्या आयुष्याची गोष्ट छापण्यापूर्वी तिला ती ऐकवणे हे कर्तव्य आहे. तिने नाव बदल म्हटले तर बदलावे, तिच्यावर गुदरलेला प्रसंग नको म्हटले तर तो गाळावा. ही अनुमती झाली, असे कुणी म्हणेल. होय, झाली. पण सत्ताधाऱ्याने दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवणे आणि बहिणीने स्वतःच्या जखमेवर हात ठेवणे या दोन गोष्टी एक नाहीत. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याची अनुमती नाकारायची. ज्याच्या हाती सत्ता नाही आणि ज्याचे आयुष्य आपण कागदावर मांडतो आहोत, त्याची अनुमती मागायची. हा भेद सुटला तर आपणही कुणाच्या तरी दुःखावर वतन सांगणारे होऊ.

अस्मितादर्शच्या लेखक-वाचक मेळाव्यांनी लिहिणारा आणि वाचणारा यांना समोरासमोर बसवले. ते काम आता गावोगाव लहान प्रमाणावर व्हायला हवे. वसतिगृहाची खोली चालेल, विहाराचा ओटा चालेल. महिन्यातून एकदा एक वही वाचावी. वाचणाऱ्याने मधे स्पष्टीकरण देऊ नये. ऐकणाऱ्यांनी स्तुती शेवटी करावी, आधी चुका सांगाव्यात. बायकांना मागे बसवू नये. खर्च काहीच नाही, लागते ती फक्त सहनशक्ती.

त्या विद्यार्थ्याची वही मी वाचली. चार ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या. खोडले काहीच नाही. वही परत देताना त्याला सांगितले, "पुढच्या रविवारी गावी जा. आईला आणि बहिणीला हे मोठ्याने वाचून दाखव. त्या जिथे रडतील तिथे थांबू नकोस. त्या जिथे 'असं नव्हतं रे' म्हणतील तिथे थांब. आणि मग एखाद्या अशा माणसाकडे जा, ज्याला तुझे म्हणणे पटणार नाही."

त्याने विचारले, "आणि सर, त्याने सगळंच बदलायला सांगितलं तर?"

"तर त्याचं पत्र जपून ठेव. दुसऱ्या आवृत्तीत छापता येईल."